भारतातील तिबेटी निर्वासितांचा रोजगार आणि करदायित्व

भारतात राहणारे बहुसंख्य तिबेटी निर्वासित भारतीय कायद्याच्या दृष्टीने विदेशी नागरिक आहेत. मात्र प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने ते भारताचे निवासी आहेत. त्यांना काम करण्यासाठी रोजगार व्हिसा लागत नाही. त्यांचे वास्तव्य, रोजगार व प्रवास यांचे नियमन नोंदणी प्रमाणपत्र, ओळख प्रमाणपत्र आणि केंद्र सरकारचे धोरण यांद्वारे होते. महाराष्ट्रात या विषयाचा संबंध प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातील केशोरी–गोठणगाव परिसराशी येतो, कारण राज्यातील एकमेव तिबेटी वसाहत, नोर्ग्येलिंग, याच भागात आहे.

नागरिकत्व, काम करण्याची परवानगी आणि कर भरण्याची जबाबदारी ही तीन वेगवेगळ्या कायद्यांची क्षेत्रे आहेत. यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे उरलेल्या दोहोंचे उत्तर आपोआप मिळत नाही. तिबेटी निर्वासितांच्या उदाहरणात हा भेद विशेष स्पष्टपणे दिसतो.

नोर्ग्येलिंग वसाहत

इ.स. १९५९ मध्ये चौदावे दलाई लामा भारतात आले. त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी लोकांनी भारतात आश्रय घेतला. त्यांच्या पुनर्वसनासाठी केंद्र सरकारने राज्यांकडे जमिनीची मागणी केली. तत्कालीन म्हैसूर राज्यातील बैलकुप्पे येथे पहिली मोठी शेतीप्रधान वसाहत उभी राहिली. त्यानंतर सध्याच्या छत्तीसगडमधील मैनपाट, ओडिशातील चंद्रगिरी, कर्नाटकातील मुंडगोड इत्यादी ठिकाणी वसाहती झाल्या.

नोर्ग्येलिंग वसाहतीची स्थापना १९७२ मध्ये झाली. त्या वेळी हा प्रदेश भंडारा जिल्ह्यात होता. त्यामुळे तिबेटी समाजात ती आजही 'भंडारा वसाहत' या नावाने ओळखली जाते. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला आणि वसाहत अर्जुनी मोरगाव तालुक्यासह नव्या जिल्ह्यात गेली. प्रतापगड, गोठणगाव व केशोरी ही आसपासची गावे असून गाढवी नदीवरील इटियाडोह धरण याच परिसरात आहे. शेती आणि हिवाळ्यातील स्वेटरविक्री हे येथील रहिवाशांचे उपजीविकेचे प्रमुख मार्ग आहेत.

वसाहतीतील एखाद्या कुटुंबात आजोबा तिबेटमध्ये, वडील १९८० च्या सुमारास भारतात आणि मुलगी २००५ नंतर भारतात जन्मलेली असू शकते. तिघेही एकाच घरात राहत असले, तरी नागरिकत्वाच्या कायद्यानुसार तिघांची स्थिती वेगवेगळी ठरू शकते. करकायद्यानुसार मात्र तिघेही सारखेच निवासी असतात.

कायदेशीर दर्जा

निर्वासितांविषयीचा १९५१ चा संयुक्त राष्ट्रांचा करार आणि त्याचा १९६७ चा पूरक मसुदा यांवर भारताने स्वाक्षरी केलेली नाही. देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. जी व्यक्ती भारताची नागरिक नाही ती 'विदेशी' अशी सरळ व्याख्या विदेशी नागरिक अधिनियम, १९४६ मध्ये होती. हा कायदा, १९२० चा पारपत्र (भारतात प्रवेश) अधिनियम, १९३९ चा विदेशी नागरिक नोंदणी अधिनियम आणि २००० चा वाहकांच्या दायित्वाविषयीचा अधिनियम अशा चार कायद्यांची जागा आप्रवासन आणि विदेशी नागरिक अधिनियम, २०२५ या एकाच कायद्याने घेतली. तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला.

तिबेटी व्यक्तीच्या वास्तव्याचा मूळ दस्तऐवज म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र. व्यवहारात त्याला 'आरसी' म्हणतात. जिल्ह्यात विदेशी नागरिक नोंदणी अधिकारी म्हणून सामान्यतः पोलीस अधीक्षक काम पाहतात. पूर्वी या प्रमाणपत्राचे नूतनीकरण वारंवार करावे लागे. पुढे ही मुदत पाच वर्षांपर्यंत वाढवण्यात आली. प्रमाणपत्राची मुदत संपू देणे ही केवळ कागदोपत्री चूक राहत नाही. नोकरी, बँक खाते, परदेश प्रवास यांसाठीची पुढची कागदपत्रे याच प्रमाणपत्रावर अवलंबून असतात.

रोजगाराचा आधार

भारतीय संविधानातील काही मूलभूत हक्क सर्व व्यक्तींना आहेत, तर काही केवळ नागरिकांना आहेत. कायद्यापुढील समानता (अनुच्छेद १४) आणि जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य (अनुच्छेद २१) हे हक्क विदेशी व्यक्तीलाही मिळतात. कोणताही व्यवसाय वा व्यापार करण्याचे स्वातंत्र्य (अनुच्छेद १९) आणि सार्वजनिक नोकरीतील समान संधी (अनुच्छेद १६) हे हक्क मात्र नागरिकांपुरते आहेत. म्हणून तिबेटी निर्वासिताने दुकान चालवणे वा खासगी नोकरी करणे यामागे मूलभूत हक्काचा नव्हे, तर सरकारी धोरणाचा आधार असतो.

हे धोरण दीर्घकाळ विखुरलेल्या आदेशांच्या स्वरूपात होते. केंद्रीय गृह मंत्रालयाने ऑक्टोबर २०१४ मध्ये तिबेटी पुनर्वसन धोरण, २०१४ जाहीर करून त्याला एकत्रित रूप दिले. त्यातील महत्त्वाच्या तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत :

• वसाहतींच्या जमिनींसाठी राज्य सरकारांनी २० वर्षांच्या मुदतीचे भाडेपट्टे करून द्यावेत.
• तिबेटी निर्वासितांना कोणताही आर्थिक व्यवसाय करता यावा व त्यासाठी आवश्यक ती परवानापत्रे मिळावीत.
• परिचर्या, अध्यापन, वैद्यक, अभियांत्रिकी, सनदी लेखापाल यांसारख्या क्षेत्रांत, पात्रता असल्यास, त्यांना नोकरी करता यावी.
• रोजगार हमी, सार्वजनिक वितरण व्यवस्था इत्यादी केंद्रीय योजनांचे लाभ राज्यांनी त्यांना द्यावेत.

जमीन हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने आणि अनेक योजना राज्य यंत्रणेमार्फतच राबवल्या जात असल्याने या धोरणाची अंमलबजावणी राज्यांवर अवलंबून राहते.

रोजगार व्हिसाशी तुलना

इतर विदेशी व्यक्तींना भारतात नोकरी करण्यासाठी रोजगार व्हिसा घ्यावा लागतो. तो उच्चशिक्षित वा विशेष कौशल्य असलेल्या व्यक्तींना, विशिष्ट नियोक्त्याकडील नोकरीसाठी दिला जातो. ज्या कामासाठी पात्र भारतीय मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत, त्या कामासाठी तो मिळत नाही. सामान्यतः वार्षिक १६.२५ लाख रुपयांच्या किमान वेतनाची अट असते. परदेशी पद्धतीचे पदार्थ करणारे आचारी, इंग्रजीखेरीज अन्य परकीय भाषांचे शिक्षक, अनुवादक इत्यादींना या अटीतून सूट आहे. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीने १४ दिवसांच्या आत नोंदणी करणे अपेक्षित असते.

नागपुरातील एखाद्या कंपनीत आलेला जर्मन अभियंता आणि त्याच शहरात हिवाळ्यात स्वेटरचे दुकान लावणारी नोर्ग्येलिंगची रहिवासी या दोघांनाही कायदा 'विदेशी' म्हणतो. अभियंत्याचा व्हिसा एका नोकरीशी बांधलेला असतो व नोकरी संपली की त्याच्या वास्तव्याचा आधारही संपतो. परंतु त्याच्यामागे त्याचा देश व त्या देशाचे पारपत्र असते. विक्रेतीला कोणत्याही एका नियोक्त्याचे बंधन नसते. मात्र तिच्यामागे कोणत्याही देशाचे पारपत्र नसते.

भारतातील करदायित्व

निवासी दर्जा

कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता येत नाही, असे संविधानाचा अनुच्छेद २६५ सांगतो; करदाता नागरिकच असावा असे तो सांगत नाही. प्राप्तिकर कायद्यात करदायित्व प्रामुख्याने वास्तव्याच्या दिवसांवरून ठरते. प्राप्तिकर अधिनियम, १९६१ नुसार पुढीलपैकी एक अट पूर्ण करणारी व्यक्ती त्या वर्षासाठी निवासी ठरते :

• त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ किंवा अधिक दिवस वास्तव्य, किंवा
• त्या वर्षात किमान ६० दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून किमान ३६५ दिवस वास्तव्य.

प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून जुन्या कायद्याची जागा घेतो. त्यातही वास्तव्याचे मूळ तत्त्व कायम आहे. दीर्घकाळ भारतात राहणाऱ्या निवासी व्यक्तीचे जगभरातील उत्पन्न भारतात करपात्र असते, तर अनिवासी व्यक्तीचे केवळ भारतात मिळालेले वा भारतात उद्भवलेले उत्पन्न करपात्र असते.

यातून एक लक्षणीय परिणाम संभवतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत ४ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही आणि ४ ते ८ लाखांच्या टप्प्यावर ५ टक्के कर आहे. १२ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या व्यक्तीला कलम ८७अ नुसार सूट मिळून कर शून्य होतो; परंतु ही सूट 'निवासी' व्यक्तीलाच आहे. नोर्ग्येलिंगमधील व्यापाऱ्याचे करपात्र उत्पन्न ६ लाख रुपये असेल, तर १०,००० रुपयांचा कर या सूटीमुळे शून्य होतो. अर्जुनी मोरगावातील घर भाड्याने देऊन परदेशात स्थायिक झालेल्या अनिवासी भारतीय नागरिकाचे भारतातील करपात्र उत्पन्न तेवढेच असेल, तर त्याला ही सूट मिळत नाही. ४ टक्के उपकरासह १०,४०० रुपये भरावे लागतात. येथे विदेशी व्यक्तीचा कर कमी आणि नागरिकाचा अधिक ठरतो, कारण कायदा पारपत्र न पाहता वास्तव्य पाहतो.

शेतीचे उत्पन्न

भारतातील जमिनीवरील शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे. त्यासाठी कसणारा जमिनीचा मालक असलाच पाहिजे अशी अट नाही. त्यामुळे वसाहतीच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर स्वतः घेतलेल्या धानाचे उत्पन्नही करमुक्त असते. मात्र शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असून इतर उत्पन्नही करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर इतर उत्पन्नावरील कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्न हिशेबात धरले जाते.

स्वेटरविक्री आणि वस्तू व सेवा कर

तिबेटी विक्रेते अनेकदा लुधियानासारख्या केंद्रांतून लोकरी कपडे खरेदी करून हिवाळ्याचे काही महिने वेगवेगळ्या शहरांत विकतात. महाराष्ट्रातच विक्री करणाऱ्यास वस्तूंच्या बाबतीत सामान्यतः ४० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. परंतु विक्रेता दुसऱ्या राज्यात, उदाहरणार्थ हैदराबादेत, हंगामी दुकान लावत असेल आणि तेथे त्याचे व्यवसायाचे कायम ठिकाण नसेल, तर तो 'नैमित्तिक करपात्र व्यक्ती' ठरतो. अशा व्यक्तीला उलाढाल कितीही असली तरी आधी नोंदणी करावी लागते आणि अंदाजित कर आगाऊ भरावा लागतो. ही नोंदणी कमाल ९० दिवसांसाठी असते व आणखी ९० दिवसांपर्यंत वाढवता येते. हा नियम नागरिक आणि विदेशी अशा दोन्ही प्रकारच्या विक्रेत्यांना सारखाच लागू आहे.

व्यवसाय कर

महाराष्ट्रातील व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्यांवरील कराचा कायदा १९७५ चा आहे. संविधानाच्या अनुच्छेद २७६ नुसार हा कर एका व्यक्तीसाठी वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा अधिक असू शकत नाही. येथेही नागरिकत्वाची अट नाही.

परदेशातील नोकरी

प्रवासाची कागदपत्रे

तिबेटी निर्वासितांना भारतीय पारपत्राऐवजी परराष्ट्र मंत्रालयाकडून ओळख प्रमाणपत्र मिळते. पिवळ्या मुखपृष्ठाची ही पुस्तिका प्रवासासाठी वापरतात. ते नागरिकत्वाचे प्रमाण नाही. ज्या देशात जायचे त्याचा व्हिसा तर लागतोच. शिवाय भारतातून बाहेर पडण्याची परवानगी आणि परत येण्याचा व्हिसा यांचीही व्यवस्था करावी लागते. भारतीय नागरिकाला आपल्या देशात परतण्याचा हक्क असतो. ओळख प्रमाणपत्रावर प्रवास करणाऱ्याला, भारतातच जन्मलेला असला तरी, परतण्यासाठी परवानगी लागते.

स्वित्झर्लंडने १९६० च्या दशकापासून तिबेटी निर्वासितांना आश्रय दिला. अमेरिकेने १९९० च्या आप्रवासन कायद्यात भारत व नेपाळमधील तिबेटी लोकांसाठी १,००० व्हिसांची तरतूद केली. कॅनडानेही अरुणाचल प्रदेशातील सुमारे १,००० तिबेटी लोकांच्या पुनर्वसनाची योजना राबवली. पुढे गेलेल्या नातलगांच्या आधाराने भारतातील वसाहतींमधून परदेशी स्थलांतर वाढत गेले.

देश सोडण्याच्या वर्षातील कर

नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षी ६० दिवसांचा निकष लागू होत नाही. त्याच्यासाठी १८२ दिवसांचाच निकष असतो. ही सवलत नागरिकांसाठी आहे. समजा, दोन मित्र ३१ ऑगस्टला एकाच विमानाने नोकरीसाठी परदेशी गेले. १ एप्रिलपासून दोघांचेही भारतातील वास्तव्य १५३ दिवसांचे झाले. त्यांपैकी भारतीय नागरिक त्या वर्षासाठी अनिवासी ठरतो व परदेशातील वेतनावर त्याला भारतात कर लागत नाही. आयुष्यभर वसाहतीत राहिलेला तिबेटी मित्र मात्र दुसऱ्या अटीनुसार निवासी ठरतो. त्याने सप्टेंबर ते मार्च या काळात परदेशात मिळवलेले वेतनही त्या वर्षीच्या भारतीय विवरणपत्रात येते. त्याच वेतनावर परदेशात भरलेल्या कराचे श्रेय त्याला मागता येते. पुढील वर्षापासून, भारतातील वास्तव्य अल्प असल्यास, दोघांची स्थिती पुन्हा सारखी होते.

दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार

एकाच उत्पन्नावर दोन देशांत कर पडू नये म्हणून भारताने अमेरिका, कॅनडा, स्वित्झर्लंड यांसह अनेक देशांशी करार केले आहेत. हे करार मुख्यत्वे करार करणाऱ्या देशांच्या 'निवासी' व्यक्तींना लागू होतात. म्हणून नागरिकत्व नसलेल्या व्यक्तीलाही त्यांचा आधार घेता येतो.

एखादी व्यक्ती एकाच वर्षी दोन्ही देशांची निवासी ठरत असेल, तर तिचा निवास क्रमाने पुढील कसोट्यांवर ठरवतात : कायमचे घर, वैयक्तिक व आर्थिक संबंधांचे केंद्र, नेहमीचे वास्तव्य आणि राष्ट्रीयत्व. पहिल्या तीन कसोट्यांनी उत्तर मिळाले नाही, तर राष्ट्रीयत्वाची कसोटी राज्यविहीन व्यक्तीच्या उपयोगी पडत नाही. अशा वेळी दोन्ही देशांच्या सक्षम अधिकाऱ्यांनी परस्परसंमतीने निर्णय करायचा असतो.

नागरिकत्वाचा पर्याय

नागरिकत्व अधिनियम, १९५५ नुसार २६ जानेवारी १९५० रोजी वा त्यानंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती, काही अपवाद वगळता, जन्माने भारतीय नागरिक आहे. तिच्या आईवडिलांचे नागरिकत्व येथे विचारात घेतले जात नाही. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांसाठी आई वा वडील यांपैकी एक जण नागरिक असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून ही अट आणखी कडक झाली असून, एक पालक नागरिक असल्यास दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो.

दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये नामग्याल डोलकर यांच्या प्रकरणात, १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली तिबेटी व्यक्ती जन्मानेच नागरिक असल्याचे मान्य केले. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने अशा व्यक्तींची नावे मतदार यादीत घेण्याचे निर्देश दिले. सप्टेंबर २०१६ मध्ये फुन्त्सोक वांग्याल यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने पात्र तिबेटी अर्जदारांना पारपत्र देण्याचा आदेश दिला. त्यानंतर २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पारपत्रासाठी अटी घातल्या : नोंदणी व ओळख प्रमाणपत्रे रद्द करून घ्यावीत, नियोजित तिबेटी वसाहतीत राहू नये आणि निर्वासित म्हणून मिळणारे लाभ व अनुदाने घेत नसल्याची हमी द्यावी.

या अटींमुळे पात्र व्यक्तीपुढे कठीण निवड उभी राहते. पारपत्र मिळाल्यास परदेशी नोकरी, परतीचा हक्क आणि देश सोडण्याच्या वर्षातील करसवलत हे तिन्ही लाभ होतात. त्याच वेळी ज्या वसाहतीत घर, शेत, मठ व आप्तस्वकीय आहेत, तेथील वास्तव्यावर पाणी सोडावे लागते. कायद्याने पात्र असूनही अनेक तिबेटी व्यक्ती नागरिकत्वाचा दावा करत नाहीत. तिबेटला परतण्याची आशा आणि सामूहिक ओळख टिकवण्याची इच्छा ही त्यामागची आणखी कारणे आहेत.

छात्रेल

तिबेटी समाजात 'छात्रेल' नावाचे वार्षिक ऐच्छिक योगदान दिले जाते. ही पद्धत १९७२ मध्ये सुरू झाली. त्याची नोंद 'हरित पुस्तिका' नावाच्या पुस्तिकेत होते आणि रक्कम धरमशाला येथील केंद्रीय तिबेटी प्रशासनाकडे जाते. योगदानाचे दर व्यक्तीचे वय आणि ती राहत असलेला देश यांनुसार भिन्न असतात. बोलण्यात याला कर म्हटले जात असले, तरी भारतीय कायद्यानुसार तो कर नाही. छात्रेल भरल्याने प्राप्तिकराची वा अन्य करांची जबाबदारी कमी होत नाही.

सामान्य गैरसमज

• 'आधार म्हणजे नागरिकत्व' : आधार क्रमांक निवासी व्यक्तीला मिळतो. अर्जापूर्वीच्या बारा महिन्यांत १८२ दिवसांचे वास्तव्य हा त्याचा मूळ निकष आहे. ते नागरिकत्वाचे प्रमाण नाही.
• 'कर भरला म्हणजे नागरिकत्वाचा हक्क मिळतो' : कर भरण्याची जबाबदारी वास्तव्यातून आणि उत्पन्नातून येते. कितीही वर्षे विवरणपत्र भरले, तरी केवळ त्यामुळे नागरिकत्व प्राप्त होत नाही.
• 'विदेशी व्यक्तीला भारतात कर नाही' : भारतात मिळवलेल्या उत्पन्नावर निवासी व अनिवासी या दोघांनाही कर लागू शकतो.
• 'काम करण्याची परवानगी नसेल तर करही नाही' : उत्पन्न करपात्र आहे की नाही हे प्राप्तिकर कायदा ठरवतो. काम परवानगीशिवाय केले असले, तरी त्यातून झालेले उत्पन्न करमुक्त होत नाही. उलट आप्रवासन कायद्याखालील कारवाई स्वतंत्रपणे होऊ शकते.

हे सुद्धा पहा

• गोंदिया जिल्हा
• केशोरी
• इटियाडोह धरण
• भारतीय नागरिकत्व कायदा
• प्राप्तिकर